बिंबाणूंचे नामकरण आणि रक्तस्तंभनाचा शोध

रक्तातील तांबड्या पेशी सतराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली आल्या. बिंबाणू मात्र संशोधकांच्या दृष्टीस पडूनही सुमारे चाळीस वर्षे ओळखले गेले नाहीत. हा विलंब भिंगांच्या उणिवेमुळे झाला असे सामान्यतः सांगितले जाते, व ते अंशतः खरेही आहे. बिंबाणूचा व्यास अवघा २ ते ३ मायक्रॉन असतो आणि रक्त शरीराबाहेर येताच त्याचे रूप पालटते. तथापि या विलंबात नावांचाही वाटा आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे.

१८४२ साली आल्फ्रेड दॉने याने पॅरिसमध्ये हे कण पाहिले. ते अन्नरसातून रक्तात आलेले गोलक होत, असा त्याचा समज होता. १८६५ मध्ये माक्स शुल्त्से याने तापवलेल्या पट्टीवर ताजे रक्त ठेवून त्यांचे पुंजके अचूक वर्णिले, पण पांढऱ्या पेशी फुटून झालेला हा चुरा असावा असे त्यास वाटले. १८७३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत विल्यम ऑस्लर याला उंदराच्या रक्तवाहिनीत हेच कण सुटेसुटे आढळले. पुंजके रक्त बाहेर काढल्यानंतरच होतात, हे त्याने दाखवले. निरीक्षण मोलाचे होते. परंतु पुढील वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकात त्याने या कणांस स्वतंत्र जीवाचा बोध करून देणारा शब्द योजला. जंतूंविषयीच्या वादाचा तो काळ होता. वाचकाचे लक्ष कोठे गेले असेल हे सांगावयास नको.

जॉर्ज हायेम याचे उदाहरण याहून बोधक आहे. १८७८ मध्ये त्याने या कणांना ‘हेमातोब्लास्त’, म्हणजे रक्तजनक, असे नाव दिले. कारण त्यांपासून तांबड्या पेशी निपजतात अशी त्याची धारणा होती. रक्त थांबण्याशी या कणांचा संबंध त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. पण एकदा जनक म्हटल्यावर अपत्याचा शोध करणे ओघानेच आले, आणि पुढे अनेक वर्षे तो त्याच कल्पनेस चिकटून राहिला.

तूरिन येथील जूलिओ बित्सोत्सेरो याने १८८२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कणांस केवळ ‘रक्तातील लहान चकत्या’ म्हटले. नाव आकारावरून घेतले. उगम वा कार्य यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. माझ्या मते हा संयम त्याच्या प्रयोगांइतकाच महत्त्वाचा आहे. प्रयोगही मोठे साधे होते. जिवंत गिनीपिगच्या आंत्रबंधातील वाहत्या रक्ताकडे तो पाहत बसे. वाहिनीच्या भित्तीस इजा करताच प्रथम चकत्या तेथे चिकटत. पांढऱ्या पेशी मागाहून येऊन त्या पुंजक्यात अडकत. ताजे रक्त दोऱ्यांनी घुसळले असता दोऱ्यांवर आधी चकत्यांचा थर बसे. पांढऱ्या पेशींतील किण्वामुळे रक्त गोठते, हे डोर्पाट येथील आलेक्सांडर श्मिट याच्या पंथाचे मत तेव्हा प्रबळ होते. त्यास या क्रमाने धक्का बसला. गोठण्याचे सारे श्रेय चकत्यांस देण्यात बित्सोत्सेरोनेही थोडा अतिरेक केला. तंतू घडतात ते रक्तद्रवातील प्रथिनांपासून. चकत्यांचा पृष्ठभाग त्या क्रियेस आधार पुरवतो.

येथे दोन क्रियांचा भेद ध्यानी घ्यावा लागतो: चकत्यांचे बूच बसणे ही एक, व तंतूंचे जाळे विणले जाणे ही दुसरी. आपल्या बोलीत रक्त ‘साकळते’ वा ‘गोठते’ आणि जखम ‘खपली धरते’. पहिल्या क्रियेस वेगळे क्रियापद नाही. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. पण ती वैद्याने करावयाची कर्मे होत. रक्ताच्या अंगच्या व्यापाराचे ते वर्गीकरण नव्हे. म्हणून ‘क्लथन’ हा शब्द दोन्हींसाठी सरसकट वापरणे मला इष्ट वाटत नाही.

बिंबाणूंचा उगम १९०६ मध्ये बोस्टनच्या जेम्स होमर राइट याने दाखवला: अस्थिमज्जेतील महापेशींचे तुकडे सुटून ते बनतात. गंमत अशी की, त्या महापेशींचे वर्णन बित्सोत्सेरोनेच १८६९ मध्ये केले होते. दोहोंचा संबंध मात्र त्यास उमगला नाही. १९१० मध्ये ड्यूक याने बिंबाणू अत्यल्प असलेल्या रुग्णांना रक्त दिले असता त्यांची संख्या वाढून रक्तस्राव थांबतो, हे नोंदवले. ‘थ्रॉम्बोसाइट’ हा ग्रीकमूलक शब्दही याच शतकारंभी रूढ झाला. त्यातील उत्तरपद पेशीवाचक आहे, आणि मानवी बिंबाणूस तर केंद्रक नाही. पक्षी व सरपटणारे प्राणी यांच्या रक्तातील सकेंद्रक पेशींस ते नाव अधिक शोभते.

१९७४ मध्ये या कहाणीस निराळे वळण लागले. गोठलेल्या रक्तापासून मिळालेल्या द्रवात पेशी जोमाने वाढतात, बिंबाणूविरहित द्रवात वाढत नाहीत, असे रसेल रॉस प्रभृतींना दिसून आले. बूच बसवणारा बिंबाणूच आपल्या कणिकांतून एक प्रथिन सोडून भोवतालच्या पेशींना विभाजनास प्रवृत्त करतो, म्हणजे जखम भरून येण्याचा आरंभही तोच करतो. ‘थ्रॉम्बोसाइट’ या नावात हे कार्य मावत नाही. मराठीतील ‘बिंबाणू’ हा शब्द आकारावरूनच घडलेला असल्याने त्यास या शोधाची अडचण झाली नाही. डेंग्यूच्या साथीत वृत्तपत्रे ‘प्लेटलेट’ लिहितात, तोही अर्थाने चकतीच आहे.