चिकलठाण्याहून मुंबई : अंतर आणि वेळ

नकाशावर पट्टी ठेवून चिकलठाण्याच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत रेघ ओढली, तर ती सुमारे २८० किलोमीटर भरते. मनमाडवरून जाणारा लोहमार्ग ३७० किलोमीटरहून लांब आहे. हवेतली ही वाट कापावयास विमानाला पाऊण तास पुरतो. वेळापत्रकात मात्र साधारण तासाभराचा अवधी धरलेला असतो. वरचा पाव तास जमिनीवर जातो. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते या पाव तासाविषयी.

मुहम्मद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दौलताबादेस हलविली. दिल्लीपासून दौलताबाद चाळीस दिवसांच्या वाटेवर, असे इब्न बतूता हा प्रवासी सांगतो. हवेतून हे अंतर हजार किलोमीटरही भरत नाही आणि विमान दोन तासांत येते. परंतु चाळीस दिवस लागत ते सामान्य वाटसरूला. सुलतान दौलताबादेस असला म्हणजे त्याच्यासाठी गंगेचे पाणी येई, ते पायी जासुदांच्या हातून. मैलामैलाला तीन चौक्या असत. जासूद घुंगरांची काठी वाजवीत धावे. तो आवाज ऐकून पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर बांधून उभा राही. सिंधहून दिल्लीची पन्नास दिवसांची वाट अशी डाक पाच दिवसांत उरकीत असे! माणसाचे पाय तेच, अंतरही तेच. चौकीवरचा खोळंबा तेवढा नाहीसा केलेला.

निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, मनमाडहून या भागात आगगाडी आली. तिचे रूळ अरुंद आणि मुंबईच्या गाडीचे रुंद. तेव्हा मनमाडला ट्रंका, वळकट्या नि मुले सांभाळीत गाडी बदलावयाची, हा नेम १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत टिकला. आमच्या पिढीला मुंबई दूर वाटे ती मनमाडमुळे.

आता विमानाकडे येऊ. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत चिकलठाण्यास आले. पुढे मुंबईस जावयाचे होते. दुपारी ते पूर्वेकडे तोंड करून धावू लागले आणि धावपट्टी संपता संपता उचलले. धावपट्टीच्या टोकापलीकडे सुमारे ४०० फुटांवर तेव्हा बीडचा रस्ता आडवा जात असे. त्यावरून कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि इंजिन त्याला धडकले. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या तारांना लागून विमान कोसळले. आतल्या ११८ माणसांपैकी ५५ गेली.

चौकशीत वैमानिकांवर ठपका आला. विमान उचलण्यास उशीर झाला आणि उचलण्याची रीतही चुकली, असे ठरले. त्याखेरीज, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची रहदारी न आवरल्याचा दोष राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला. पहिल्या दोषाची चर्चा पुष्कळ होते. आम्हांला दुसरा अधिक बोचतो. मराठवाड्यातला कापूस त्या रस्त्याने पूर्वीपासून जात होता, आणि विमानाची वेळ तर छापलेली होती. दोन्ही बाजूंची वाहने थांबवून ठेवावयास थोडी मिनिटे लागली असती.