स्टेअरिंगची पकड: माझा प्रश्न कसा चुकला आणि कुठे सापडला

पेटची तयारी करणाऱ्या एका मित्राने परवा विचारलं, "विषय ठरलाय, पण रिसर्च क्वेश्चन काही येत नाही. तुला कसा आला?" खरं सांगायचं तर मला तो आला नाही. आधी चुकीचा आला, मग आरएसीच्या मीटिंगमध्ये तो पडला, आणि त्याच्या तुकड्यांतून दुसरा निघाला. आज त्याबद्दलच लिहितो.

माझा थिसिस मोटारगाडीच्या आतल्या वस्तूंच्या इतिहासावर आहे. इंजिनावर ढीगभर लिहिलं गेलंय, पण माणसाचा हात, पाठ, पाय जिथे टेकतात त्या जागांवर फार कमी. त्यातलं एक प्रकरण स्टेअरिंगच्या कड्यावर आहे, म्हणजे आपण हातात धरतो त्या गोल रिमवर. ती कशाची बनवायचे, आणि ती हाताला बरी वाटावी म्हणून काय काय केलं गेलं?

माझा पहिला प्रश्न होता: "स्टेअरिंगवर मऊ आवरण कधी आलं?" ऐकायला ठीक वाटतो. पण यात एक गृहीतक लपलेलं आहे, आणि ते मला वर्षभर दिसलं नाही. सोय म्हणजे मऊपणा आणि मऊपणा म्हणजे कड्यावरचं आवरण, असं मी धरून चाललो होतो. असा प्रश्न घेऊन पुराव्याकडे गेलं की आपण फक्त आवरणं मोजत बसतो.

थोडी पार्श्वभूमी. सुरुवातीच्या गाड्यांना गोल स्टेअरिंग नव्हतंच. १८८६च्या बेंझच्या तीनचाकीला वळवायला हातात धरायची दांडी होती, आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांना बोटीच्या सुकाणूसारखा दांडा. १८९४च्या पॅरिस ते रुआं स्पर्धेत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानहार्ड गाडीला गोल चाक लावलं, त्याला सहसा पहिलं मानतात. १८९८पासून पानहार्डने सगळ्या गाड्यांना ते द्यायला सुरुवात केली. दांडा एका हाताने धरता येतो, पण खड्ड्यात चाक आपटलं की तो हातातून उसळतो. गोल चाक दोन्ही हातांनी धरता येतं आणि धक्का दोन्ही हातांत वाटला जातो. म्हणजे पकडीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

ही पहिली कडी लाकडाची होती, आणि त्यामागे कारण आहे. लाकूड उष्णता सावकाश वाहतं, त्यामुळे थंडीत ते लोखंडासारखं हाताला झोंबत नाही. पण पॉलिश केलेलं लाकूड गुळगुळीत असतं. मग लोक ते घट्ट धरायचे कसे?

इथे मला एक पुस्तक सापडलं. खरं तर ते आधी दोनदा हाताखालून गेलं होतं. डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडमधली स्पर्धेत गाडी चालवणारी बाई. तिचं 'द वुमन अँड द कार' १९०९ साली आलं. बायकांनी गाडी कशी चालवावी, कशी राखावी, काय घालावं, याचं ते साधं मार्गदर्शक आहे. मागची वाहनं बघायला हातात धरायचा छोटा आरसा जवळ ठेवा, असा सल्ला त्यात आहे, म्हणून ते थोडंफार प्रसिद्ध आहे. मी ते "कपडे" या सदरात टाकून बाजूला ठेवलं होतं. पण त्याच कपड्यांच्या भागात ती सांगते की लोकरीचे हातमोजे घालू नका, कारण गुळगुळीत स्टेअरिंगवर लोकर घसरते आणि पकड बसत नाही. त्यापेक्षा मऊ कातड्याचे, आतून फर लावलेले मोजे घ्या. ते ठेवायला गाडीत सीटखाली छोटा खण आहे, हेही ती सांगते.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ट्यूब पेटली. पकडीचं मटेरियल निवडलं जात होतंच, फक्त ते स्टेअरिंगवर नव्हतं, हातावर होतं! कातडं की लोकर हा निर्णय गाडी बनवणारा घेत नव्हता. तो चालवणारा घेत होता, आणि खर्चही तोच करत होता. मी कड्यावर आवरण शोधत होतो आणि आवरण मोज्यांच्या दुकानात विकलं जात होतं. ('ग्लव्ह बॉक्स' या नावात ते मोजे अजून शिल्लक आहेत. आपल्याकडे त्या खणात आरसी, पीयूसी आणि बडीशेपेची पुडी असते.)

तर पहिली शिकवण घ्या हवी तर: तुमच्या विषयाचा पुरावा तुमच्या विषयाच्या कपाटात असेलच असं नाही. मोटारीच्या कॅटलॉगमध्ये कड्याचा व्यास आणि रंग मिळतो. ते हाताला कसं लागतं हे कपड्यांच्या सल्ल्यात मिळतं.

पुढचा टप्पा कडक रबर आणि प्लास्टिकचा. गंधक भरपूर घालून कडक केलेलं रबर, म्हणजे एबोनाइट, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होतं. ते लोखंडी कड्यावर साच्यात ओतता यायचं. लाकडासारखे सांधे नाहीत, पाण्याने फुगत नाही, सुतार लागत नाही. फोर्डने याच काळात 'फोर्डाइट' नावाचं मिश्रण वापरलं, त्यात गव्हाचा पेंढा, रबर, गंधक वगैरे असायचं. मॉडेल टीच्या पुढच्या वर्षांतल्या गाड्यांची स्टेअरिंग त्याची आहेत. इथे एक धोक्याची सूचना. आज ऑनलाइन 'फोर्डाइट' शोधलंत तर दागिन्यांचे फोटो येतील. कारखान्यात गाड्या रंगवताना साचलेल्या रंगाच्या थरांचे कापून पॉलिश केलेले रंगीबेरंगी खडे, त्यांनाही हेच नाव पडलंय. एकच शब्द, दोन संबंध नसलेल्या वस्तू. मी एक आख्खी दुपार त्यात घालवली आहे.

१९३०च्या दशकात सेल्युलोज अ‍ॅसिटेटसारखी प्लास्टिकं आली. अमेरिकेतल्या ईस्टमनचं 'टेनाइट' हे त्यातलं मोठं नाव, आणि स्टेअरिंग हा त्याचा मोठा धंदा. हस्तिदंती, तपकिरी, हवा तो रंग. पण हाताला? तितकंच कडक. मग सोय कुठे गेली? कड्याच्या मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा आल्या. पदार्थ मऊ करता येत नव्हता म्हणून आकार बदलला. आणि दुसरं म्हणजे आरे बदलले. तारांसारख्या बारीक, लवचीक आऱ्यांची स्टेअरिंग याच सुमारास निघाली. फोर्डवरच्या अशा स्टेअरिंगला अमेरिकेत 'बँजो' म्हणत. इंग्लंडमध्ये ब्लूमेल्सची 'ब्रुकलँड्स' याच घराण्यातली. रस्त्याचा दणका कड्यापर्यंत येण्याआधी तारांनी थोडा गिळायचा. इथे सोय आऱ्यात होती.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की प्रश्न "कधी" हा नाहीच, "कुठे" हा आहे. सोयीचा पत्ता बदलत जातो: कधी मोज्यात, कधी आऱ्यात, कधी कड्याच्या खाचांत. आणि पत्ता बदलला की खर्च करणाराही बदलतो.

पण हे लक्षात येण्याआधी मी एक घोळ करून बसलो होतो. जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात १९३०च्या दशकातली एक गाडी बघितली. स्टेअरिंगवर सुंदर शिवलेलं कातडं. फोटो काढले, दोन पानं लिहिली, "या काळात कातडी आवरण प्रचलित होतं" वगैरे, आणि आरएसीपुढे मांडलं. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "हे कातडं कधीचं आहे?" मी म्हणालो, गाडीइतकंच. "कशावरून?" उत्तर नव्हतं. मालकांना फोन केला. ते हसत म्हणाले, "अहो, दोन वर्षांपूर्वी मीच शिवून घेतलं. खालच्या रिमला एवढाल्या भेगा गेल्या होत्या."

भेगा जाणारच होत्या. कडक रबर आणि आतलं लोखंड उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात-आकसतात, त्यात रबर वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं दुखणं वेगळं. ते दमट हवेत विघटन पावतं आणि व्हिनेगरचा वास सोडतं. पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या वर्तुळात कुणाला 'व्हिनेगर सिंड्रोम' विचारा, लगेच ओळखतील. जुन्या फिल्मच्या रिळांचं तेच दुखणं, कारण पदार्थ त्याच कुळातला. म्हणजे जी स्टेअरिंग आज छान दिसतात त्यांच्यावर पुष्कळदा नंतर कुणाचा तरी हात फिरलेला असतो. संग्रहातली वस्तू बघताना तिचं दुसरं आयुष्य आधी विचारा. माझी दोन पानं गेली.

मग मी उलट्या टोकाला गेलो. मूळ नसलेलं सगळं बाद. "नंतरची भर" असं लिहून ओळीच्या ओळी खोडल्या. हीसुद्धा चूक होती, पण ती दुसऱ्याच ठिकाणी कळली.

१९२०च्या दशकातल्या बेंटलेंचे फोटो बघत होतो, ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावल्या त्या. कड्यावर बारीक दोरी, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळलेली. मोठं जड स्टेअरिंग, उघडी गाडी, पाऊस, घाम आणि चोवीस तास. दोरी घाम शोषते, तिचे वेढे बोटांना अडतात, आणि बारीक कडं थोडं जाड होतं. हे जाड होणं महत्त्वाचं. कडं फार बारीक असेल तर मूठ पूर्ण मिटते आणि तीच पकड ठेवायला जास्त दाबावं लागतं. हातोडीची मूठ बोटाइतकी बारीक असती तर काय झालं असतं ते आठवा.

तो फोटो बघताना मला मामाची टॅक्सी आठवली.

मामा मुंबईत काळी-पिवळी चालवायचा, पद्मिनी. स्टेअरिंगचं कडं बारीक, कडक, काळं. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की हात लावायची सोय नाही, पावसाळ्यात निसटतं. त्याने त्यावर खुर्च्या विणतात तसली प्लास्टिकची वायर गुंडाळली होती, हिरवी आणि पिवळी, वेढ्याला वेढा. लहानपणी मला ती सजावट वाटायची. थिसिसला बसेपर्यंत सजावटच वाटत होती. फोन करून विचारलं तेव्हा म्हणाला, "सजावट कसली रे? बारा-बारा तास धरायचं असतं. वायर नसती तर मनगट गेलं असतं. पहिली सुतळी लावली होती, ती घामानं कुजली."

पहिली सुतळी, ती कुजली, मग वायर. हा मटेरियलचा प्रयोगच झाला की! फक्त त्याची फाईल कुठल्या कंपनीकडे नाही.

इथे एक सावधानता. बेंटलेची दोरी आणि मामाची वायर सारखी दिसते म्हणून एकावरून दुसरी आली असं लिहायचा मोह होतो. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. दोघांपुढे अडचण एकच होती: कडक, बारीक, गुळगुळीत कडं आणि लांबलचक तास. त्यातून दोन हातांनी स्वतंत्रपणे एकच उपाय काढला असणं पूर्ण शक्य आहे. इतकंच म्हणता येतं, आणि तेवढं माझ्या प्रकरणाला पुरतं.

उरलेला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो तुलनेने माहीत असलेला आहे. १९५१मध्ये क्रायसलरने पॉवर स्टेअरिंग बाजारात आणलं, हाताचा जोर कमी झाला, आणि अमेरिकन कडी आणखी बारीक झाली. इटलीत नार्दीची लाकडी स्टेअरिंग शर्यतीच्या गाड्यांत लोकप्रिय होती, पण आदळल्यावर लाकूड फुटायची भीती होतीच. १९६४च्या सुमारास जानपिएरो मोरेत्ती याने स्वतःच्या शर्यतीच्या गाडीसाठी जाड कड्याचं स्टेअरिंग करून घेतलं, ते जॉन सर्टीजने फेरारीसाठी मागितलं, आणि त्यातून 'मोमो' कंपनी उभी राहिली. ही गोष्ट कंपनी स्वतः सांगते, म्हणून जपून वापरायची. पण सर्टीज त्या वर्षी फेरारीतून जगज्जेता झाला हे मात्र पक्कं. पुढे वरची साल आपोआप धरणारा पॉलियुरेथेन फोम आला. एका साच्यात मऊ गाभा आणि चिवट साल, दोन्ही. तेव्हा कुठे मऊपणा कारखान्यातून, किंमतीत धरून, सगळ्यांच्या हातात आला.

तो मऊपणाही अमर नाही. काही प्रकारचं पॉलियुरेथेन दमट हवेत तुटत जातं आणि चिकट होतं. कोकणपट्टीत जुन्या गाडीचं स्टेअरिंग हाताला चिकटतं ते दर वेळी मळाने नव्हे. कुणी कव्हर घ्यायला निघालं असेल तर माझं वैयक्तिक मत: सैल चढवायचं कव्हर कड्यावर फिरतं, ते नसलेलं बरं. शिवून किंवा विणून घट्ट बसणारं घ्या. छिद्रं पाडलेलं कातडं घामाला बरं. किंचित ओलसर तळवा कातड्यावर उलट चांगला धरतो, चिंब झाला की घसरतो. चकचकीत रेक्झिनवर तो आधीच घसरतो. रंग शेवटी बघा.

आता प्रकरणाचा प्रश्न असा आहे: "स्टेअरिंग हाताला बरं वाटावं याची जबाबदारी कोणत्या काळात कुणाकडे होती?" गाईड मॅडम म्हणाल्या, हा चालेल, पण "बरं वाटणं" कसं मोजणार ते लिही. तिथे अडलोय.

पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. मामाची त्याआधीच भंगारात गेली होती. पण स्टेअरिंग त्याने काढून ठेवलं होतं, ते दिवाळीत मला दिलं. सध्या माझ्या टेबलावर आहे. हिरवी वायर फिकी पडलीय, डावीकडे वरच्या भागात, जिथे त्याचा हात असायचा, तिथे ती झिजून चपटी झालीय. वायर सोडवली तर खालचं कडं दिसेल, भेगा मोजता येतील, कदाचित सुतळीचे तंतूही सापडतील. पण एकदा सोडवली की ती झीज तशी परत गुंडाळता येणार नाही. फोटो सगळ्या बाजूंनी काढून झालेत. वेढे मोजले, १८७ भरले. कात्री अजून लावलेली नाही.