अधू नजरेची बाग

दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे चुरचुरायला लागले की मला गर्ट्रूड जेकिल आठवतात. जन्म १८४३चा, शिक्षण चित्रकलेचं, नजर पहिल्यापासून अधू. १८९१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, बारीक काम बंद करा.

जेकिलबाई मग बागेकडे अधिकच लक्ष देऊ लागल्या. तेव्हा इंग्लंडातल्या श्रीमंतांकडे काचघरातली रोपं आणून लावायची आणि हंगाम संपला की उपटायची पद्धत होती. विल्यम रॉबिन्सनने १८७०च्या आपल्या पुस्तकात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांची बाजू मांडली होती. जेकिलबाईंनी त्या झाडांना रंगांचा क्रम दिला. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वूडमध्ये त्यांचा फुलांचा पट्टा सुमारे २०० फूट लांब नि १४ फूट रुंद होता. टोकांना निळे-करडे रंग, पुढे पिवळे, मधोमध धगधगता लाल.

यात वेळेचं गणितही होतं. डेल्फिनियमचा बहर ओसरला की त्यावर फुलवेल चढवायचा. फॉक्सग्लव्हसारखी द्विवर्षायू झाडं पहिल्या वर्षी फक्त पानं देतात, दुसऱ्या वर्षी फुलतात आणि बहुधा मरतात. म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं यंदाच पेरायची.

बारीक टाका दिसेना, पण रंगांचे मोठे पट्टे त्यांना दिसत होते. १९२०मध्ये चित्रकार विल्यम निकल्सनने त्यांचं व्यक्तिचित्र केलं, आणि सोबत त्यांच्या झिजलेल्या बागकामाच्या बुटांचंही.