ठाण्याचा मांडलिक छित्तराज आणि त्याची भावकी

भांडुप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडीचे स्टेशन येते. परंतु याच भांडुपला शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा एक ताम्रपट सापडलेला आहे. त्यात षट्षष्टी, म्हणजे आपली साष्टी, या प्रांतातील जमिनीचे दान नोंदले आहे. दाता आहे उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज.

छित्तराज स्वतःस महामंडलेश्वर म्हणवितो. म्हणजे थोर, पण मांडलिकच. त्याचे पूर्वज राष्ट्रकूटांचे मांडलिक. पुल्लशक्ती व दुसरा कपर्दी या पूर्वजांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. इ. स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य बुडविले. तरीही छित्तराजाचा आजा अपराजित याने ९९७ च्या भादाणे ताम्रपटात बुडालेल्या धन्याची वंशावळ दिली आहे. प्राचीन चीनमधील चौ काळचे सरदार राजाकडून मिळालेल्या देणग्यांचा वृत्तांत काशाच्या भांड्यांवर कोरून ठेवीत. आपल्याकडे ते काम तांब्याने केले.

अपराजितानंतर थोरला मुलगा वज्जड, मग त्याचा भाऊ अरिकेसरी, मग वज्जडाचा मुलगा छित्तराज आणि त्यामागून त्याचे भाऊ नागार्जुन व मुम्मुणी, अशी गादी फिरली. या तिघा भावांनी ‘उदयसुंदरीकथा’कार सोड्ढल याचा सन्मान केला. अंबरनाथच्या देवळातील शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख मुम्मुणीच्या कारकिर्दीतला आहे. वैभवाचा हा काळ होता खरा. पण त्यातच कलहाचे बीज होते. गादी भावाकडून भावाकडे गेली म्हणजे राज्य जाणत्या हाती राहते. मात्र प्रत्येक भावाच्या मुलाचा हक्क शिल्लक राहतो. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव याचा १०९४ चा खारेपाटण ताम्रपट सांगतो की, दायादांच्या वैरामुळे देशावर संकट आले, कोकण उद्ध्वस्त झाले, आणि अनंतदेवाने शत्रूंचे पारिपत्य केले. दायाद म्हणजे वाटेकरी. आपण ज्याला भाऊबंदकी म्हणतो, तीच ही!

तेराव्या शतकात यादव महादेवाशी लढताना या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक तिचा संबंध याच युद्धाशी जोडतात, तर काही ते वीरगळ त्याहून जुने मानतात.

दानपत्राच्या अखेरीस पुढील राजांना, मग ते आपल्या वंशातले असोत की परक्या, हे दान मोडू नका, अशी विनंती करण्याची रीत होती. आपली गादी परक्याकडे जाऊ शकते, हे या मांडलिकांना पक्के ठाऊक होते. घरातल्या वैराची जाण मात्र त्यांना वेळेवर झाली नाही.