तीन अटी आणि एक कॅमेरा

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील एखाद्या जुन्या घरात ओटीवरून माजघरात पाऊल टाकावे, तो भिंतीवर किंचित पुढे झुकलेली एक चौकट दृष्टीस पडते. चौकटीत आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, आजी शेजारी नजर रोखून बसलेल्या, आणि मुले उंचीच्या क्रमाने मांडलेली. मुखावर हास्य कोणाच्याही नाही. नातवंडांचा समज होतो की, आपले वाडवडील फारच करारी असले पाहिजेत. वस्तुतः हीच माणसे त्या घरात हसली होती, रुसली होती, पोरांना खांद्यावर घेऊन समुद्रावर गेली होती. चित्रातील हा ताठपणा त्यांच्या स्वभावाचा नव्हे. तो प्रथम यंत्राच्या उणिवेतून आला, आणि पुढे ती उणीव गेली तरी रिवाज म्हणून घराघरांत राहिला.

छायाचित्रणाची कृती पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगापुढे मांडण्यात आली. मुंबईने ही कला फार लवकर उचलली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतील आरंभीच्या एतद्देशीय जाणकारांपैकी एक होत. १८६४ च्या अखेरीस मुंबई-सुरत लोहमार्ग जोडला गेला, आणि उत्तर कोकणातील कुटुंबांना मुंबईचे चित्रगृह एका दिवसाच्या टप्प्यात आले. परंतु त्या काळच्या काचेवर चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ पापणीही लवू नये म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत. इतका वेळ हास्य टिकविणे कोणास साधणार? म्हणून मुद्रा गंभीर, हात मांडीवर, नजर समोर.

१८८८ साली अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, आणि १९०० साली त्यांचाच ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. क्षणार्धात चित्र उमटू लागले. तरीही घरात कॅमेरा आला की, सर्वांनी धुतलेली वस्त्रे नेसून रांगेत उभे राहावे, ही चाल सुटली नाही. घरच्या माणसांचे चित्र घरच्यासारखे कसे घ्यावे, याचा एक उत्तम धडा महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळील एका खेड्यात, एका नवशिक्या तरुणाने घालून दिला. तो तरुण म्हणजे कनू गांधी.

कनूभाईंचा जन्म १९१७ चा. महात्मा गांधींचे चुलत पुतणे नारणदास गांधी यांचे ते पुत्र, म्हणजे नात्याने महात्माजींचे नातू. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहावयास गेले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. कनूभाई तेथे हिशेब ठेवीत, पत्रव्यवहार पाहत, पडेल ते काम करीत. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांनी त्यांना आश्रमातील जीवन छायाचित्रांत टिपण्याची कल्पना दिली. कनूभाईंस ती रुचली. पण कॅमेरा घ्यावयास आश्रमाजवळ पैसा नाही, असे गांधीजींचे स्पष्ट उत्तर आले. अखेरीस घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले, आणि त्यांतून रोलायफ्लेक्स जातीचा कॅमेरा व फिल्म आली.

गांधीजींनी अनुज्ञा दिली, ती मात्र तीन अटींवर. पहिली, कृत्रिम प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाही. दुसरी, चित्रासाठी असे बसा, तसे पाहा, असे कधीही सांगावयाचे नाही. तिसरी, या छंदाचा खर्च आश्रमावर पडता कामा नये. नवशिक्याचे हातपाय बांधण्यास या तीन अटी पुरेशा होत्या, असे कोणासही वाटेल. परंतु सुमारे दहा वर्षांत कनूभाईंनी जी चित्रे घेतली, त्यांचे सारे वैशिष्ट्य नेमके याच तीन अटींतून निपजले आहे.

प्रकाशाची अट घ्या. सेवाग्रामच्या कुट्या मातीच्या, कुडाच्या व कौलारू. आत उजेड यावयाचा तो दारातून, नाहीतर खिडकीतून. त्या वेळची फिल्म मंद असे. अंधाऱ्या कुटीत झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्यात समोरचा मनुष्य हलला की चित्र पुसट होई. झोत वर्ज्य केल्यावर दोनच मार्ग उरतात: मनुष्य उजेडाजवळ येईपर्यंत थांबणे, आणि त्याच्या हालचालीतील विसाव्याचा क्षण ओळखणे. सूत कातणाऱ्याचा हात धागा पुरा ओढल्यावर पळभर थांबतो. वाचणारा पान उलटण्यापूर्वी स्थिर असतो. ऐकणारा तर बराच वेळ निश्चल राहतो. हे क्षण ज्याला ठाऊक, त्यालाच चित्र मिळते, आणि ते ठाऊक होण्यास त्या माणसांसह राहावे लागते.

दुसऱ्या अटीस त्यांच्या यंत्राची घडण अनुकूल पडली. जर्मनीत १९२९ साली निघालेल्या रोलायफ्लेक्सला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगाने पाहावयाचे, खालच्याने चित्र उमटावयाचे. कॅमेरा डोळ्यास न लावता पोटाजवळ धरून वरून काचेत पाहावे लागते. त्यामुळे चित्र घेणाऱ्याची मान खाली असते, त्याचे तोंड यंत्रामागे दडत नाही, आणि समोरच्यास कोणी आपणावर नेम धरला आहे असे वाटत नाही. काचेत डावे-उजवे उलट दिसते, ही अडचण खरी. पण ती सवयीने जाते. एका गुंडाळीवर चौरस आकाराची बाराच चित्रे निघत.

तिसऱ्या अटीचे महत्त्व या बारा आकड्यात आहे. फिल्म पदरच्या पैशाने आणावयाची, तेव्हा प्रत्येक चित्राआधी विचार करणे भाग पडे. हे चित्र आधीच्याहून वेगळे काय सांगते? पुढे वृत्तपत्रांना चित्रे देऊन कनूभाई हा खर्च भागवू लागले; तरी उधळपट्टीची सोय कधीच नव्हती.

या चित्रांत देशाचा पुढारी दिसतो, त्याहून अधिक एका मोठ्या कुटुंबातील आजोबा दिसतात. ते डोक्यावर उशी घेऊन उन्हाचा ताप चुकवितात, तराजूवर उभे राहून स्वतःचे वजन पाहतात. कुष्ठरोगाने पीडलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात राहावयास आले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या गांधीजींचे १९४० मधील चित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्या चित्रात दोघांपैकी कोणाचेही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. परका छायाचित्रकार तेथे आला असता, तर ते दृश्य त्याला असे मिळाले नसते. रोज हिशेबाची वही घेऊन वावरणारा नातू आज कॅमेरा घेऊन उभा आहे, एवढाच काय तो फरक, आणि त्याचे कोणास विशेष वाटत नव्हते.

परंतु घरचा मनुष्य असण्यास दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी व कस्तुरबा पुण्यास आगाखान महालात बंदीत पडले. त्याच महिन्याच्या १४ तारखेस पालघरच्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच तरुण हुतात्मे झाले. सारा देशच तेव्हा अग्निदिव्यातून जात होता. बंदिवासात कस्तुरबांची प्रकृती ढासळत गेली, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेसाठी कनूभाईंना तेथे येऊ देण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बांनी पतीच्या मांडीवर मस्तक ठेवून प्राण सोडला. त्या अंतकाळाचे चित्र घेण्यास गांधीजींनी कनूभाईंना अनुमती दिली नाही, आणि कनूभाईंनी ते घेतले नाही. इतिहासाच्या दृष्टीने ती हानी म्हणावी काय? अभ्यासक तसे म्हणतील. पण ज्या विश्वासावर इतर सर्व चित्रे उभी आहेत, त्याचा कस याच प्रसंगी लागला. नकार मानणारा हात जवळ होता, म्हणूनच एरवी कोणी त्याला अडविले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तेव्हा कनूभाई दूर नोआखालीत गांधीजींनीच सोपविलेल्या कार्यात होते. त्यांची पत्नी आभा मात्र त्या क्षणी गांधीजींच्या शेजारी होती.

आज परिस्थिती पालटली आहे. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, शेजारी बोईसरला कारखाने उभे राहिले, प्रांतोप्रांतीची कुटुंबे तेथे येऊन वसली. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता बहुतेक प्रत्येक घरात मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. त्याला फिल्म लागत नाही, आणि चित्रांची मोजदादही राहिलेली नाही. आणि तरीही, चित्र घेतो म्हटले की आजी पदर सारखा करते, मुले दोन बोटे वर करतात, आणि सर्वजण ताठ होतात. लोखंडी आधार गेला; त्याचा धाक मात्र राहिला.

अशा नवशिक्याने सेवाग्रामच्या तीन अटी आपण होऊन स्वतःवर घालून पाहाव्यात. झोत बंद ठेवावा. या किनारपट्टीवर दुपारचे ऊन इतके प्रखर असते की, अंगणात उभ्या केलेल्या माणसाचे डोळे मिटतात आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तेच ऊन पडवीत शिरते तेव्हा जमिनीवरून परतून मऊ होते. आजी तांदूळ निवडावयास बसते ती जागा घरातील सर्वांत उजेडाची असते; तिने ती पन्नास वर्षांपूर्वीच शोधून ठेवली आहे. तेथे आपणही जमिनीवर बसावे, म्हणजे चित्र तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून येते, तिच्या टाळूवरून नव्हे. मागे दोरीवरचे कपडे येत असतील, तर तिला उठवू नये. स्वतः वीतभर सरकावे. सूप, तांदूळ आणि मांडीशी रेलून बसलेले नातवंड यांना चौकटीत जागा द्यावी, कारण चाळीस वर्षांनी त्या सुपाचीही आठवण होणार आहे. पाळीवरून परतलेला बाप मुलाला उचलतो, तेव्हा ‘इकडे पाहा’ असे म्हणू नये. दिवसाला बाराच चित्रे, असा नेम करावा. आणि कोणी ‘आता नको’ म्हटले, तर यंत्र खाली ठेवावे.

भिंतीवरच्या त्या ताठ आजोबांचे हसू आता कोणास परत आणता यावयाचे नाही. परंतु आज घरात जी माणसे हसत आहेत, त्यांच्या नातवंडांनी त्यांना करारी समजू नये, एवढी तजवीज प्रत्येक घरास करता येण्याजोगी आहे.