बिन आणि क्यू: एका जोडगोळीची कुळकथा

जुन्या प्लेस्टेशनचा एखादा खेळ इम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवायला घेतला की बहुतेक वेळा फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतात. थोरली ‘बिन’, कित्येकशे मेगाबाइटांची. धाकटी ‘क्यू’, चार-पाच ओळींची, नोटपॅडमध्ये सहज वाचता येणारी. तिला बिनकामाची समजून डिलीट करणारेही असतात. मग खेळ अडतो, किंवा सुरू होऊनही त्यातलं संगीत गायब असतं.

या जोडीचं मूळ गाण्यांच्या सीडीत आहे. 1980 साली फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून त्या सीडीचे नियम ठरवले. सेकंदाला 44,100 नमुने, डावा-उजवा असे दोन आवाज, प्रत्येक नमुन्याला दोन बाइट. सेकंदाचे 75 तुकडे पाडले की एका तुकड्यात येतात बरोबर 2,352 बाइट. पुढे याच तबकडीवर संगणकाची माहिती साठवायचं ठरलं, तेव्हा एक अडचण उभी राहिली. गाण्यात एखादा बाइट चुकला तर कानाला कळत नाही, पण प्रोग्रॅममध्ये तेवढ्यानं सगळं बिघडतं. म्हणून प्रत्येक तुकड्यातले 304 बाइट पत्ता आणि चूक-दुरुस्तीसाठी राखून ठेवले गेले. माहितीला उरले 2,048.

त्या 2,048 बाइटांत फाइली कशा मांडायच्या, यासाठी 1985 मध्ये अमेरिकेतल्या लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्यांचे लोक जमले. त्यांच्या मसुद्यातून 1988 साली ‘आयएसओ 9660’ हे मानक आलं. डिस्क इमेजला, म्हणजे तबकडीवरून उतरवलेल्या फाइलला, सरसकट ‘आयएसओ’ म्हणायची सवय तिथूनच लागली.

पण गेम कन्सोलच्या तबकड्या आयएसओत मावणाऱ्या नव्हत्या. डिसेंबर 1988 मध्ये जपानात पीसी इंजिन या कन्सोलला सीडीची जोड मिळाली. सीडीवरून खेळ चालवणारा हा पहिला कन्सोल. त्याच्या तबकडीवर पहिल्या ट्रॅकमध्ये बहुधा एक बोलका इशारा असे: ही सीडी म्युझिक प्लेयरवर लावू नका, दुसऱ्या ट्रॅकवर संगणकाची माहिती आहे. त्यापुढच्या ट्रॅकांवर खेळाचं संगीत, साध्या गाण्यांच्या सीडीसारखंच. अशा तबकडीची नुसती आयएसओ काढली तर इशारा आणि संगीत दोन्ही बाहेर राहतात. 1994 च्या प्लेस्टेशननं आणखी गुंता केला. व्हिडिओ आणि आवाजासाठी त्यानं चूक-दुरुस्तीची जागाही वापरली, त्यामुळे काही तुकड्यांत 2,048 ऐवजी 2,324 बाइट माहिती भरलेली असते. तेव्हा तबकडी कच्ची, म्हणजे 2,352 च्या 2,352 बाइट उतरवून घेण्यावाचून इलाज नव्हता. हीच बिन फाइल.

कच्च्या बाइटांच्या ढिगात कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो हे मात्र बिनमध्ये लिहिलेलं नसतं. ते काम क्यू करते, आणि तिचा जन्म खेळांसाठी झालेलाच नाही. जेफ अर्नोल्ड यांच्या ‘सीडीआरविन’ या सीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरसाठी ती बनली होती. फाइलचं नाव, ‘ट्रॅक 01 मोड2/2352’, ‘इंडेक्स 01 00:00:00’, असा तिचा मजकूर. त्या वेळेतला शेवटचा आकडा सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाचा, म्हणजे 1980 च्याच मापाचा!

1999 मध्ये आलेले कनेक्टिक्सचा व्हर्च्युअल गेम स्टेशन आणि ‘ब्लीम’ हे प्लेस्टेशनचे इम्युलेटर मूळ सीडीच ड्राइव्हमध्ये घालायला सांगत. पुढे लॅपटॉपमधून ड्राइव्हच हद्दपार झाले, जुन्या तबकड्यांवर ओरखडे पडले आणि स्वतःजवळच्या खेळांची इमेज काढून ठेवणं निकडीचं झालं. तरीही सगळं इमेजमध्ये उतरतंच असं नाही. युरोपातल्या काही प्लेस्टेशन खेळांत ‘लिबक्रिप्ट’ नावाची चोरीप्रतिबंधक खूण तबकडीच्या उपवाहिनीत, म्हणजे त्या 2,352 बाइटांबाहेरच्या जागेत, दडवलेली असे. बिनमध्ये ती येत नाही. तिच्यासाठी ‘एसबीआय’ ही आणखी एक इवलीशी फाइल जोडावी लागते.

नंतर आलेली ‘सीएचडी’ ही फाइल बिन आणि क्यू या दोघींना एकत्र आणते. ‘मेम’ या इम्युलेटरनं आर्केड यंत्रांतल्या हार्ड डिस्क जपण्यासाठी ती घडवली आणि नंतर सीडीही तिच्यात आल्या. पुन्हा हिशेबानं काढता येणारे चूक-दुरुस्तीचे बाइट ती गाळते, संगीत दर्जा न घटवता दाबते आणि ट्रॅकांची यादी पोटातच ठेवते. फायनल फँटसी सेव्हनसारख्या तीन तबकड्यांच्या खेळाला मात्र वरून ‘एमथ्रीयू’ ही फाइल लागते. एका ओळीत एका तबकडीचं नाव, एवढाच तिचा मजकूर. मुळात ही एमपीथ्री गाण्यांची प्लेलिस्ट.