सहा इंचांचे विमान

श्रोतेहो, जवळ पट्टी असेल तर कागदावर सहा इंचांची एक रेघ ओढा. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या ‘स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांची लांबी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ३६ फूट १० इंच होती. या लांबीला बहात्तराने भागले की सहा इंचांहून थोडे अधिक येते. याच मापाची प्लास्टिकची विमाने, खोक्यातून सुटे भाग आणून, घरी बसून जोडण्याचा छंद जगभर पुष्कळांना आहे. आणि त्यांत मुलांबरोबर पिकल्या केसांची माणसेही आहेत.

आता कुणी म्हणेल, “अहो, ही तर खेळणी! इतिहासाच्या मास्तरांनी यात काय म्हणून डोकं घालावं?” शंका रास्त आहे. पण या खेळण्याच्या इतिहासात एक प्रश्न पुन:पुन्हा येतो, आणि तो मुळीच खेळातला नाही. आकाशात दूरवर दिसणारा तो काळा ठिपका आपला की परका?

तारीख ६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे शत्रूची विमाने येत असल्याची वर्दी आली. वर्दी खोटी होती, पण ते कोणाला ठाऊक? ५६ क्रमांकाच्या तुकडीची ‘हरिकेन’ विमाने वर चढली, ७४ क्रमांकाच्या तुकडीची स्पिटफायर विमानेही चढली. लांबवर विमाने दिसली, घाईने निर्णय झाला, आणि स्पिटफायरांनी दोन विमाने पाडली. ती दोन्ही आपल्याच बाजूची हरिकेन होती! एक वैमानिक वाचला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, प्राणास मुकला. त्या युद्धात मरण पावलेला ब्रिटिश लढाऊ विमानांचा तो पहिला वैमानिक, आणि त्याला लागलेली गोळी स्वकीयांची. पुढे लष्करी न्यायालयात चौकशी होऊन गोळी झाडणारे निर्दोष ठरले. दोष कुणा एकाच्या माथी मारण्यासारखा नव्हताच. डोळ्यांना ओळख नव्हती, हे खरे दुखणे होते.

तुम्हांला बाजारच्या दिवशी शंभर बैलांत आपला बैल लांबून ओळखता येतो ना? शिंगांचा बाक, वशिंडाची ठेवण, चालण्याची ढब, यांपैकी एवढेसे काही दिसले तरी पुरते. याचे कारण, आपण तो समोरून, मागून, बाजूने, उन्हात आणि अंधारात पाहिलेला असतो. विमानाची अशी ओळख कुठून व्हावी? पुस्तकातले चित्र एकाच बाजूचे असते. आकाशातले विमान मात्र कधी पोट दाखवते, कधी पाठ, कधी नुसते नाक. जे हातात धरून चहू बाजूंनी फिरविता येईल, त्याचीच अशी ओळख पटते. युद्धाने छोट्या विमानाला जे काम दिले, ते हे.

त्या वेळी अशी विमाने तयारच होती. १९३० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स या गृहस्थांनी ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच काढले. त्यांचे माप एकास बहात्तर. हे प्रमाण का? त्याचा हिशेब सोपा आहे: एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे एक उंच माणूस. पुढे १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या छापाच्या कारखान्याने याच मापाचे प्लास्टिकचे संच विकावयास आणले. त्यांची आधीची खेळणी रबराच्या पीळावर खरोखर उडत. नव्या संचातली विमाने उडत नसत, म्हणून त्यांना न उडणाऱ्या पक्ष्याचे, पेंग्विनचे, नाव दिले! ते प्लास्टिक आजच्यासारखे टिकाऊ नव्हते. काही वर्षांत ते वाकडे होई. पण पंखाच्या दोन बाजू, धडाचे दोन अर्धे भाग, चाके आणि पंखा हे सगळे सुटे घडवून घरी जोडावयास द्यावयाचे, ही रीत या संचांनी घालून दिली.

मग १९४२ साल आले. अमेरिका युद्धात नुकतीच उतरली होती. तेथील आरमाराने शाळांना साद घातली: मुलांनो, आम्हांला पाच लाख विमाने करून द्या. तीही लाकडाची, एकास बहात्तर या मापाची, आणि काळ्या रंगाने रंगविलेली. नकाशे सरकारने दिले. मापात चूक असेल तर विमान परत! मुलांनी सुतारकामाच्या तासाला पटाशी, कानस आणि पॉलिशपेपर घेऊन स्वत:ची विमाने घडविली, शत्रूचीही घडविली. ती सैनिकांच्या शिक्षणवर्गात छताला टांगली जात. यातही एक हिशेब होता. पस्तीस फुटांवरून हे छोटे विमान जेवढे दिसते, तेवढेच खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. पस्तिसाला बहात्तराने गुणून पाहा. म्हणजे साध्या खोलीत बसून सैनिकाला अर्ध्या मैलावरचे आकाश पाहावयास मिळे. बाराचौदा वर्षांच्या पोरांच्या हातचे हे काम होते. त्यामुळे कुणाचा जीव वाचला, हे त्यांना कधी कळले नसेल.

युद्ध संपले आणि ही विमाने पुन्हा खेळण्यांत जमा झाली. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरण्याची युक्ती आता स्वस्त झाली होती. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने १९३९ मध्ये लंडनला ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली होती. सुरुवातीला ती हवा भरण्याची रबरी खेळणी करी. युद्धानंतर प्लास्टिकच्या फण्या. १९४९ मध्ये एका ट्रॅक्टर कंपनीसाठी तिने ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, १९५२ मध्ये एक जुने शिडाचे जहाज दोन शिलिंगांना विकले, आणि थोड्याच वर्षांत स्पिटफायर आणला. पहिला स्पिटफायर मापात बराच चुकलेला होता, आणि ज्यांनी खरे विमान पाहिले होते त्यांच्या डोळ्यांना ते खुपले. पुढे साचा नव्याने करावा लागला.

इकडे फ्रॉगचे काय झाले? १९७० नंतरच्या दशकात तो कारखाना बंद पडला आणि त्याचे साचे विकावयास निघाले. बरेचसे सोव्हिएत संघात गेले. मात्र जर्मन आणि जपानी विमानांचे साचे तिकडे नको झाले. ते दुसऱ्या कंपनीकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षे लोटली होती, साचे नुसते पोलादाचे ठोकळे होते, तरी प्रश्न तोच: आपला की परका?

आता या छंदाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. खोक्यातले भाग कागदावर दाखविल्याप्रमाणे चिकटविणे ही झाली पहिली इयत्ता. धड जोडायचे, फटीत लांबी भरायची, वाळल्यावर घासायची, रंग द्यायचा, आणि पाण्यात भिजवून सोडविलेली चिन्हे पंखांवर बसवायची. दुसऱ्या इयत्तेत माणूस खोक्याशी भांडू लागतो. त्याला कुठलेही एक स्पिटफायर नको असते. अमक्या दिवशी, अमक्या विमानतळावर उभे असलेले, अमक्या वैमानिकाचे हवे असते. सगळी मिळून वीस हजारांहून अधिक स्पिटफायरे बांधली गेली. त्यांचे चोवीस मुख्य प्रकार होते, आणि दोन प्रकारांत नाक, शेपूट, बंदुका, वैमानिकावरचे काचेचे आवरण, सगळ्यांत फरक. मग हा गृहस्थ दोन संच आणतो, एकाचे नाक कापून दुसऱ्याच्या धडाला लावतो, तार तापवून नळी करतो, पातळ पत्र्यातून पट्टा कातरतो. हे करण्याआधी त्याला जुनी छायाचित्रे पाहावी लागतात, तुकडीची रोजनिशी वाचावी लागते, आणि दोन पुरावे जुळेनात तर कोणता खरा हे ठरवावे लागते. श्रोतेहो, याहून निराळे इतिहासकार तरी काय करतो?

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आले. त्या वेळी भारतीय हवाईदलाची पहिली तुकडी तेथे हरिकेन विमाने चालवीत होती. तुकडीचे प्रमुख होते अर्जनसिंग, जे पुढे हवाईदलाचे प्रमुख आणि मार्शल झाले. जंगलावरून खालून उडत शत्रूचा माग काढायचा, हे या तुकडीचे मोठे काम. त्याच रणभूमीवर सांगशाक येथे मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. तिच्यातली माणसे आपल्याच गावांकडची.

आता हे हरिकेन करायचे आहे. पण बाजारातल्या खोक्यात चिन्हे बहुधा ब्रिटिश तुकड्यांची. गंमत अशी की, एअरफिक्सचे संच काही वर्षे भारतातल्या कारखान्यात तयार होत आणि खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले असे. तरी आतले विमान बहुधा विलायतेचेच! तेव्हा बदल करणे आले. विमानाच्या नाकाखाली धूळ अडविणाऱ्या गाळणीचा फुगवटा होता का? पंखांत बारा मशीनगन होत्या की चार तोफा? दोन्ही प्रकारची हरिकेन होऊन गेली. छायाचित्र पाहूनच ठरवावे लागेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, पंखांवरचे गोल चिन्ह. ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. पूर्वेच्या आघाडीवर तो काढून टाकला, निळा आणि फिका रंग तेवढा ठेवला. का? जपानी विमानावर तांबडा सूर्य असे. आपल्याच माणसांनी लाल पाहून गोळी झाडू नये म्हणून. पुढे ओळख पटावी म्हणून पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. तेव्हा लाल ठिपका पुसणारा माणूस नुसता रंग बदलत नाही. हल्टन-हॅरपच्या मरणातून सुरू झालेला धडा तो आपल्या हाताने गिरवीत असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. फडताळावरचे विमान सदा नवे आणि देखणे असते. त्यात जळक्या तेलाचा वास नाही, पावसाळी ढगात वाट चुकलेल्याची धडधड नाही, खाली जळणारे गाव नाही. शत्रूचे विमानही तितकेच सुबक दिसते. म्हणून विमानाखालच्या फळीवर नाव, तुकडी आणि वर्ष लिहावे. चालविणारा कोण आणि त्याचे पुढे काय झाले, तेही लिहावे. आणि जेथे अंदाजाने काम केले, तेथे ‘हे अंदाजाने’ असे प्रामाणिकपणे नोंदवावे.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. हे संच महाग असतात, ते मिळालेच पाहिजेत असे नाही. जाड पुठ्ठ्यातून एकास बहात्तर मापाचे धड, पंख आणि शेपूट कातरा, खाचा पाडून एकात एक बसवा, वर काळा रंग द्या. स्पिटफायरचे पंख लांबट पानासारखे टोकाकडे निमुळते करा; हरिकेनचे साडेसहा इंचांहून किंचित लांब, जाड आणि पाठ थोडी कुबडी. दोऱ्याने दोन्ही आंब्याच्या फांदीला टांगा. मुलांना पस्तीस फुटांवर उभे करा, वाऱ्याने विमाने फिरू द्या, आणि दोनच सेकंद पाहून सांगायला लावा: यातले हरिकेन कोणते? किती जण चुकतात ते फळ्यावर लिहा. आणि मग त्यांना ६ सप्टेंबर १९३९ ची हकिगत सांगा.